घाट उतरवणारे ब्रेक

वाई समुद्रसपाटीपासून सव्वासातशे मीटरच्या आसपास आहे आणि पाचगणी तेराशेच्या जवळ. मधला पसरणी घाटाचा रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. पाचगणीत माल भरून निघालेली पिकअप वाईत पोहोचते, तेव्हा ती जवळपास साडेपाचशे मीटर खाली उतरलेली असते. जुन्या पिकअपच्या ब्रेकचा विचार मी नेहमी या साडेपाचशे मीटरपासून सुरू करतो. गाडी, माल आणि माणसं मिळून वजन २,००० किलो धरलं, तर एवढं वजन एवढं खाली आणताना सुमारे १ कोटी ८ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. चढताना हीच ऊर्जा आपण पेट्रोल-डिझेल जाळून गाडीत भरलेली असते. उतरताना ती कुठेतरी गेलीच पाहिजे, आणि गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर तिला उष्णता होण्यावाचून दुसरी वाट नाही.

ताशी ३० किलोमीटरने उतरलं तर खाली यायला पंचवीसेक मिनिटं लागतात. भागाकार केला की दर सेकंदाला सात हजार जूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा, म्हणजे जवळपास दहा एचपी. सांगलीकडच्या शेतकऱ्याला दहा एचपी समजावून सांगावी लागत नाही. नदीवरून पाणी उचलणारी मोटर त्याच ताकदीची असते. ती मोटर पंचवीस मिनिटं अखंड चालवली, तर जेवढी ऊर्जा खर्च होईल तेवढी या उतारावर जिरवायची असते. त्यातला चौथा-तिसरा हिस्सा टायर, हवा आणि गिअरबॉक्समधलं तेल खातं. उरलेली सुमारे सत्तर लाख जूल इंजिनने तरी घ्यायची किंवा ब्रेकने तरी. ताशी ६० वरून हीच गाडी सपाट रस्त्यावर पूर्ण थांबवायला पावणेतीन लाख जूल जिरवावी लागतात. म्हणजे नुसत्या ब्रेकवर पसरणी उतरणं हे साठच्या वेगावरून लागोपाठ पंचवीस वेळा गाडी थांबवण्यासारखं झालं.

चारही चाकांचे ड्रम मिळून तीस किलो बीड आहे असं समजा. ही सगळी उष्णता त्यांच्यातच साठली, तर त्यांचं तापमान साडेचारशे अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात वारा ड्रमला थंड करत असतो, त्यामुळे आकडा तिथवर जात नाही. पण घाटाच्या शेवटच्या वळणांवर ब्रेक पॅडल का मऊ पडतं, लायनर जळाल्याचा वास का सुटतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

सातारा-सांगली पट्ट्यात जुनी पिकअप म्हटलं की बहुतेक वेळा महिंद्राच निघते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे त्याच जीपच्या चेसिसवर हौदा चढवलेल्या गाड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. अमेरिकेत विलीजने १९५६ च्या अखेरीस एफसी-१५० नावाची चपट्या तोंडाची पिकअप आणली होती. ड्रायव्हर थेट पुढच्या अ‍ॅक्सलवर बसतो आणि मागे जवळपास सहा फुटांचा हौदा मिळतो, अशी तिची रचना. तिकडे तिचं उत्पादन थांबत होतं त्याच सुमारास, १९६५ मध्ये, महिंद्राने ती इथे बनवायला घेतली. नंतर टेम्पो मॅटाडोर आली, १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, पण डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवर जीपच्या वंशातल्या गाड्या टिकून राहिल्या. त्यांचे मालक आता दोन प्रकारचे आहेत. काहींच्या घरी ती आजोबांची म्हणून जपली जाते. काहींची अजून बाजाराला जाते, भाजी, गूळ, हळद, बेदाणा वाहते. दोघांनाही एक दिवस वाटतं की ब्रेक नवे करून घ्यावेत. गॅरेजवाला म्हणतो, "डिस्क टाकू या." कुणी सांगतो, "बूस्टर बसवा, पाय दुखायचा थांबेल." दोघंही खोटं बोलत नसतात. फक्त ही दोन्ही उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा कुणी विचारलेलाच नसतो.

पहिला प्रश्न पायाचा: पॅडल दाबायला किती जोर लागतो. दुसरा उष्णतेचा: दाबलेला ब्रेक घाटभर टिकतो का. तिसरा बिघाडाचा: एक नळी फुटली किंवा एक सिलिंडर गळला तर गाडीला उरलेले ब्रेक लागतात का. जुन्या गाडीत पैसे कुठे आणि कोणत्या क्रमाने घालायचे हे या तिन्हींची सरमिसळ न करता ठरवायला हवं.

मी तिसऱ्यापासून सुरुवात करीन. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकच आणि त्याला खानाही एकच. पॅडल दाबलं की पिस्टन ब्रेक ऑईल पुढे ढकलतो आणि एकाच नळीतून तो दाब चारही चाकांना पोहोचतो. द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कलचं तत्त्व आपण शाळेत शिकलेलो असतो. त्याच तत्त्वाची उलटी बाजू अशी की मागच्या डाव्या चाकाची नळी दगड लागून फुटली, तर दाब चारही चाकांतून जातो. पाय सरळ फळीला टेकतो. मग हातात उरतो हॅन्डब्रेक, आणि या गाड्यांचा हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. उभी गाडी धरायला तो चांगला आहे. धावती गाडी थांबवायला तो बनवलेलाच नाही; एकदम ओढला तर सगळा झटका शाफ्ट आणि डिफरन्शियलवर येतो.

यावरचा उपाय म्हणजे टॅन्डम मास्टर सिलिंडर. एकाच नळकांड्यात मागे-पुढे दोन पिस्टन, ऑईलचे दोन स्वतंत्र खाने, पुढच्या चाकांना एक नळी आणि मागच्यांना दुसरी. एक बाजू गळाली तरी दुसरी काम करते. पॅडल खोल जातं, थांबायला अंतर जास्त लागतं, पण गाडी थांबते. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडच्या कितीतरी जीप त्यानंतरही एकाच खान्यावर धावत राहिल्या. घाटात रोज जाणाऱ्या गाडीत डिस्क टाकण्याआधी हे काम झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दिसायला यात काही भारी नाही. बोनेट उघडून मित्रांना दाखवावं असंही काही नाही. तरीही आधी हेच.

ते करताना एका आकड्यावर नीट लक्ष द्यावं लागतं, तो म्हणजे मास्टर सिलिंडरचा बोअर. गॅरेजात हमखास कुणीतरी मोठ्या गाडीचा सिलिंडर आणून देतं. मोठा म्हणजे जास्त ब्रेक, असा समज. गणित उलटं आहे. एक इंच बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. पायाने ३० किलोचा जोर दिला आणि पॅडलची तरफ सहापट असली, तर पिस्टनवर १८० किलो येतात. दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला ३५ किलोच्या वर. तोच जोर सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे १ पूर्णांक १/८ इंचाच्या बोअरला दिला, तर क्षेत्रफळ सव्वापट होतं आणि दाब २८ किलोवर येतो. पॅडल टणक लागतं, ड्रायव्हर खूश होतो, आणि ब्रेक मात्र पाचव्या हिश्शाने कमी झालेला असतो. मोठा बोअर जास्त ऑईल ढकलतो, जास्त दाब देत नाही. पुढे डिस्कचे मोठे कॅलिपर बसवायचे असतील तर जास्त ऑईल लागतंच, म्हणून तिथे मोठा बोअर आणि त्याच्या जोडीला बूस्टर, असं दोन्ही एकत्र ठरवावं लागतं.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, आत रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. पॅडल दाबलं की हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे लोटते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर दर चौरस सेंटिमीटरला सातशे ग्रॅमचा फरक मिळाला तरी २२० किलोंचा आधार मिळतो. पायाचं काम अर्ध्याहून हलकं होतं.

इथे आपल्या भागातली एक अडचण येते. पेट्रोल इंजिनमध्ये थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये आपोआप निर्वात तयार होतो. पण डिझेल स्वस्त होतं त्या काळात कितीतरी पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे बूस्टरला लागणारा निर्वात तिथे मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, जो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीमागे बसवलेला असतो आणि इंजिनच्याच तेलावर चालतो. पंप झिजला, त्याचा पाइप तडकला, एकमार्गी व्हॉल्व्ह चिकटला, की बूस्टर बसवलेल्या गाडीचं पॅडल बिनबूस्टरच्या गाडीपेक्षाही जड होतं, कारण बूस्टरच्या हिशेबाने पॅडलची तरफ सहावरून चारपट केलेली असते. शिवाय उंचीचा परिणाम वेगळाच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथला हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे सातव्या हिश्शाने कमी असतो, आणि बूस्टर तर बाहेरच्या हवेच्या दाबावरच चालतो. चिपळूणला हलकं वाटणारं पॅडल वर थोडं घट्ट वाटलं तर गाडीत दोष नाही, हवाच विरळ आहे.

इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच निर्वात शिल्लक राहतो. उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवायची सवय म्हणूनच जीवघेणी आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचं बोललं गेलं. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच उतारावरून जातात. मोठ्या ट्रकचा ब्रेक कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो आणि पिकअपचा व्हॅक्यूमवर, पण इंजिन बंद झालं की दोघांचाही आधार जातो, आणि गाडी न्यूट्रलला असेल तर इंजिनची धरही सुटते.

आता उष्णतेचा प्रश्न. बूस्टर पायाला मदत करतो, ड्रमला थंड करत नाही. उलट दाबणं सोपं झाल्यामुळे ड्रायव्हर जास्त वेळ दाबून धरतो आणि ड्रम लवकर तापतो. म्हणून बूस्टर बसवल्यावर घाटात गाडी जास्त सुरक्षित झाली असं मानणं धोक्याचं आहे.

सीजे-३बी जीपला मुळात नऊ इंचांचे ड्रम होते, चारही चाकांना. ड्रममध्ये आतून दोन शू बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि लायनर ड्रमला घासतो. ड्रमची एक खुबी अशी की फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, त्यामुळे पायाच्या थोड्या जोरातही चांगली पकड मिळते. पण ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. पॅडल खोल जायला लागतं. लायनर फार तापला की त्यातल्या राळेतून वायू सुटतो, घर्षण घटतं, आणि मग कितीही दाबा, गाडी सरकतच राहते. ड्रम बंद डबा असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की आत पाणी राहतं आणि पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक धरतच नाही, किंवा एकाच बाजूचा धरतो आणि गाडी ओढली जाते.

डिस्क उघडी असते. वारा तिच्या दोन्ही अंगांना लागतो, पाणी फेकलं जातं, आणि तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेने फुगते, दूर जात नाही. गाडी थांबताना भार पुढे येतो, म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क आणि मागे ड्रम ही जोडी बहुतेक पिकअपना पुरते. डिस्क असो वा ड्रम, दोन्ही बिडाचेच, आणि त्याला कारण आहे. या ओतीव लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे उष्णता पटकन वाहून जाते आणि कंपनंही जिरतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्याला ओतकामाचा हात आहे आणि शेजारच्या कोल्हापुरातल्या फाउंड्र्या तर देशभर माहीत आहेत. जुन्या गाडीचा मिळत नसलेला ड्रम इथे ओतून, लेथवर फिरवून मिळणं शक्य आहे. मात्र ओतकामात भेग किंवा पोकळी राहिली नाही ना, हे तपासून घेतल्याशिवाय तो चाकाला लावू नये.

डिस्क बसवताना बोलेरोचे भाग हाताशी असतात. जुन्या जीपच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. बोलेरोचंही तेच, १३९.७ मिलिमीटर. त्यामुळे चाक बसतं आणि काम झालं असं वाटतं. अवघड भाग चाकाच्या आत असतो. सोळा इंची जुन्या अरुंद रिममध्ये कॅलिपर घासतो का, हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघावं लागतं. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट हा या बदलातला सगळ्यांत जबाबदार तुकडा: ब्रेक लागतो तेव्हा गाडी थांबवणारा सगळा जोर त्याच्यावर येतो. पट्टी कापून, वेल्डिंग मारून केलेला ब्रॅकेट मी कुठल्याही गाडीला लावू देणार नाही. जाड पोलादी प्लेटमधून मशिनवर काढलेला, योग्य ग्रेडच्या बोल्टने मूळच्याच भोकांत बसणारा हवा.

आणखी एक बारीक गोष्ट सुटते. ड्रमच्या व्यवस्थेत शूच्या स्प्रिंगा ऑईल मागे ढकलू नयेत, व्हील सिलिंडरच्या रबरातून हवा शिरू नये, म्हणून मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो. डिस्कला एवढा दाब कायम राहिला तर पॅड घासत राहतात, चाक तापतं, मायलेज जातं. तिथे त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच दाब पुरतो. पण तो हवाच, कारण जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षाही खाली असतो, आणि ऑईल उतारावर परत वाहून येतं.

पिकअपला मागच्या ब्रेकचा वेगळाच पेच आहे, कारण ती एकच गाडी कधी रिकामी असते, कधी भरलेली. रिकामी गाडी १,३०० किलो आणि त्यातले मागच्या चाकांवर ५८५ धरले, तर जोराचा ब्रेक लागल्यावर सुमारे अडीचशे किलो भार पुढे सरकतो आणि मागे जेमतेम सव्वातीनशे किलो उरतात. मागचा ब्रेक जोरदार असेल तर मागची चाकं जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरतं. तीच गाडी आठशे किलो हळद भरून निघाली की मागच्या चाकांनाच मोठं काम करावं लागतं. अलीकडच्या पिकअपमध्ये यासाठी मागच्या अ‍ॅक्सलला दांडी जोडलेला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. हौदा खाली बसला की तो मागचा दाब वाढवतो. आपल्याकडे जास्त माल भरायचा म्हणून कमानीचे पाटे वाढवतात. पाटे वाढवले की तोच माल भरूनही हौदा कमी बसतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटे वाढवणाऱ्याने त्याच दिवशी हा व्हॉल्व्ह परत जुळवून घ्यायला हवा. त्याचं नावसुद्धा न घेता कमानी भरून देणारी गॅरेजं पाहिली की मला मनापासून काळजी वाटते.

हे सगळं नवं बसवण्याआधी जुनं उघडून बघायला हवं. मागचं चाक काढा, ड्रमवर लाकडी हातोडीने हलके मारत तो ओढून घ्या. आत काळी पूड असेल. ती फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी बोटाने उलटा. खाली ऑईलचा ओलावा दिसला तर सिलिंडर गळतोय. पिस्टन काढून आत बॅटरी मारली की तळाशी तपकिरी खड्डे दिसतात. पाणी तिथे साठून गंज लागलेला असतो. बारीक ओरखडा घासून जातो, पण नखाला लागणारा खड्डा असेल तर नुसतं रबर किट टाकून काही महिन्यांत पुन्हा गळणार. सिलिंडरच बदलावा. सुटे भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुवायची आपल्याकडे सवय आहे. ब्रेकच्या रबराला ती मारक आहे. खनिज तेल लागलं की रबर फुगतं, पिस्टन अडकतो आणि चाक सुटत नाही. ब्रेक ऑईलने किंवा स्पिरिटने धुवावं. ड्रमला खाच पडली असेल तर लेथवर फिरवता येतो, पण मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिलिमीटरच्या पुढे नाही. पातळ झालेला ड्रम कमी उष्णता साठवतो आणि तडकतो. फिरवल्यावर ड्रमचं वर्तुळ मोठं झालेलं असतं, म्हणून नव्या लायनरची गोलाई त्याला जुळवून घासून घ्यावी लागते. ती घासली नाही तर लायनर मधेच टेकतो आणि नवे ब्रेकसुद्धा लागत नाहीत.

नळ्यांबद्दल एवढंच सांगतो: तांब्याची नळी सहज वाकते म्हणून फिटरला आवडते, पण कंपनांनी ती कडक होऊन तडकते. दुहेरी भिंतीची पोलादी नळी, टोकाला दुहेरी फ्लेअर, आणि चेसिसला जागोजागी क्लिप, हेच खरं.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरची गाडी आणि पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या जत-आटपाडीची गाडी, दोघींच्या ऑईलची अवस्था सारखी राहणार नाही. घाटावरच्या गाडीचं ऑईल मी दरवर्षी पावसाळा संपला की बदलायला सांगतो. जुन्या जीपमध्ये ऑईल भरायचं झाकण पायाखालच्या फळीत असतं, त्यामुळे ते उघडताना आजूबाजूचा चिखल आत पडतो. आधी स्वच्छ पुसूनच उघडावं. आणि सिलिकॉनचं डॉट ५ ऑईल नेहमीच्या ऑईलमध्ये कधीही मिसळू नये.

एअर काढायला माणसं दोन लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. खालचा माणूस निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑईलच्या बाटलीत बुडवतो. "दाब… दाब… आता धरून ठेव!" निपल अर्धा आटा सुटतो, बुडबुडे येतात, निपल बंद होतो, आणि मगच "सोड." ही शिस्त मोडली आणि निपल उघडा असताना पॅडल सोडलं, की बाहेर काढलेली हवा परत आत.

कायद्याची बाजूही आधी बघून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात मूलभूत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, फारसा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण तशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालवता येत नाही. तेव्हा गाडी जपून ठेवायची की धंद्याला लावायची, हे आधी ठरवा. काम सुरू करण्यापूर्वी साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या. एमएच ११, ५० किंवा १०, पाटी कुठलीही असली तरी अपघातानंतर पहिला प्रश्न याचाच निघतो.

राहिलं इंजिन. जीपच्या २.२ लिटर इंजिनला उतारावर चाकांनीच दर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरवलं, तर ते अंदाजे पाच किलोवॅट शक्ती खातं. पसरणीच्या सरासरी उतारावर टायर आणि हवेचा वाटा वजा जाता जवळपास तेवढीच शक्ती जिरवायची उरते. जुन्या जीपचा डिफरन्शियल ५.३८ ला एक असा खाली बांधलेला असल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांना गाडी ताशी तीसच्या आसपास चालते. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये सोडलेली गाडी सरासरी उतार बहुतांशी इंजिनावरच उतरते आणि ब्रेक फक्त वळणांसाठी आणि तीव्र टप्प्यांसाठी उरतो. कुंभार्लीसारखा कोकणात थेट उतरणारा, जास्त तीव्र घाट असेल तर पहिला गिअर, किंवा फोर-बाय-फोर गाडीत लो रेंज. गिअर घाटाच्या माथ्यावरच, उतार लागण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. ब्रेक हलका दाबून धरत राहू नये. वेग वाढला की जोरात दाबून कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या काळात ड्रमला वारा मिळतो.

नवं काम झालेली गाडी लगेच घाटात नेऊ नका. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४०-५० वरून वीस-पंचवीस वेळा मध्यम जोराने वेग कमी करा, दर वेळी थोडं थंड होऊ द्या. पॅड आणि लायनर नीट बसतात. मग निम्मा माल भरून एकदा घाट उतरा आणि खाली पोहोचताच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं मोजा. पुढची दोन एकमेकांच्या जवळ असावीत, मागची दोन एकमेकांच्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला पिस्टन चिकटतोय किंवा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. एखादं चाक गारच असेल तर ते काम करत नाहीये आणि त्याचा भार दुसरी तीन चाकं उचलताहेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. पाचशे किलोमीटर झाल्यावर कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा, शूची अ‍ॅडजस्टमेंट करा, आणि दोन्ही खान्यांतल्या ऑईलच्या पातळीला खडूने खूण करून ठेवा.